घर आणि आंगण जोडताना: गोव्यातल्या जुन्या घरांच्या दुरुस्तीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा तालुक्यातलं आमचं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, जुनं घर आम्ही तीन उन्हाळ्यांत टप्प्याटप्प्याने दुरुस्त केलं. त्यानंतर नात्यातल्या आणि शेजारच्या काही घरांच्या कामांवरही मी उभी राहिले. घर आंगणाला, राजांगणाला (घराच्या मधल्या उघड्या चौकाला), परसवाला (घरामागच्या मोकळ्या जागेला) पुन्हा जोडायचं म्हटलं की लोक जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

आत-बाहेर जोडायचं म्हणजे भिंत पाडून काचेची मोठी दारं बसवायची, असंच ना?

बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात, आणि गोव्यात काम तिथेच बिघडतं. इथे वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये येतो, तोही नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर तिरका. भिंतीच्या जागी नुसती काच आली की पावसाळाभर ते दार बंद राहतं आणि एप्रिल-मेमध्ये त्याच काचेतून ऊन थेट आत येतं. आंगण दिवसभर डोळ्यांसमोर असतं, पण तिथे कोणी जात नाही.

जुन्या घरांत उघड्यावरून आत येताना मध्ये पायऱ्या-पायऱ्यांनी सावली वाढत जाते. आंगणात ऊन, तुळशीपाशी थोडी सावली, ओसरीवर छप्पर पण भिंत नाही, मग माजघराचा गारवा, आणि पुढे राजांगणात पुन्हा आकाश. ख्रिस्ती घरांत हेच काम बलकांव, म्हणजे दारापुढची बसायची छपराखालची जागा, करतो. समोरासमोरच्या सोप्यांवर, म्हणजे बांधीव बाकांवर, बसलेला माणूस घरातही असतो आणि रस्त्यावरही. भाजीवाला, पोदेर (पाववाला), शेजारीण, सगळ्यांशी बोलणं तिथेच होतं.

या मधल्या जागा पुढच्या पिढ्यांनी एकेक करून बंद केल्या. कुणाला एक खोली जास्त हवी होती, कुणाला चोरांची भीती वाटली. म्हणून माझा आग्रह असतो की आधी त्या मोकळ्या करा आणि पैसे पहिल्यांदा छपरावर खर्च करा. दारांचा विचार नंतर.

काम काढण्याआधी काय पाहावं?

शक्य असेल तर एक पूर्ण पावसाळा घर नुसतं पाहा. ओसरीच्या जमिनीवर खडूने रेषा मारून ठेवा आणि जोराच्या सरीनंतर पाणी कुठवर आलं ते रोज बघा. आमच्या पश्चिमेच्या बाजूला ते भिंतीपासून एक वीतभर अंतरापर्यंत यायचं, तर पूर्वेला कधी कडाही धड भिजली नाही. एकाच घराच्या दोन बाजू इतक्या वेगळ्या असतात. ही नोंद कुठल्याही नकाशात मिळत नाही, आणि पुढची प्रत्येक गोष्ट, म्हणजे पडवीची खोली, दाराची जागा, फरशीचा उतार, तिच्यावरूनच ठरते.

उन्हाळ्यात दुपारी दोन ते पाचमध्ये ऊन कुठवर येतं तेही तसंच पाहा.

छप्पर किती पुढे काढावं?

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण आमची मोठी चूक इथेच झाली.

पाऊस सरळ पडत असता तर दीड फुटाची वळचण पुरली असती. वाऱ्यात तो पंचेचाळीस अंशांनी येतो असं धरा. मग हिशेब सोपा होतो: वळचण जमिनीपासून जितकी उंच, तितकीच ती पुढे हवी. दाराच्या माथ्यावर, सात फुटांवर, तीन फुटांचा छज्जा काढलात तर दाराचा वरचा तीन फूट भाग कोरडा राहील आणि खालचा चार फूट भिजेल. दार पूर्ण कोरडं हवं तर सात फूट खोल पडवी लागते. वळचण साडेसहा फुटांवर आणली तर साडेसहा फूट पुरते. जुन्या घरांच्या पडवीत शिरताना उंच माणसाला मान वाकवावी लागते, ती याच हिशेबामुळे.

आता दुसरी बाजू. मंगलोरी कौलांना उतार चांगला लागतो. आडवे दोन फूट गेल्यावर एक फूट खाली, याहून कमी उतार दिलात तर वाऱ्याच्या जोराने पाणी कौलांखाली उलटं चढतं. आठ फूट खोल पडवीला या उताराने चार फूट उंची जाते. वळचण साडेसहा फुटांवर ठेवायची तर पडवीचं छप्पर भिंतीला साडेदहा फुटांवर लागायला हवं. तुमच्या भिंतीला तेवढी उंची आहे का, हे टेप लावून आधी बघा. नसेल तर पडवीची खोली कमी करा, किंवा आंगणाच्या बाजूची जमीन एक पायरी खाली घ्या. उतार मात्र कमी करू नका.

आम्ही पहिल्या वर्षी पश्चिमेच्या दिवाणखान्याची भिंत काढून दहा फुटांचं सरकतं काचेचं दार बसवलं, वर दोन फुटांचा काँक्रीटचा छज्जा. ठेकेदाराने सांगितलं की एवढा पुरेसा आहे, आणि आम्ही मान डोलावली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्रभर वारा होता. पहाटे आई उठून बाहेर आली तर तिच्या पावलाला गार पाणी लागलं. दाराच्या खालच्या पट्टीतली खाच काठोकाठ भरली होती आणि वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर तिच्यातून पाणी आत सांडत होतं, एखादं भांडं कलतं करावं तसं. पट्टीला पाणी बाहेर जायला भोकंच ठेवलेली नव्हती. कोपऱ्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, उकड्या तांदळांची दोन पोती होती, ती खालून भिजली. ते तांदूळ आईने पंख्याखाली पसरून वाळवले, पण वास गेला नाही.

पुढच्या मार्चमध्ये आम्ही तो छज्जा तोडून आठ फुटांची कौलारू पडवी घातली. काचेचं दार तेच आहे. आता ते जुलैतही उघडं असतं.

चिऱ्याच्या भिंतीत मोठं दार काढता येतं का? घराला धोका नाही ना?

काढता येतं, पण ती भिंत छपराचं वजन पेलत आहे हे क्षणभरही विसरून चालत नाही. जुन्या घरांत खांबांचा सांगाडा नसतो. वासे, आढं, कौलं या सगळ्यांचं ओझं दीड-दोन फूट जाड भिंतींवरून पायात उतरतं.

पहिलं काम म्हणजे फूटभर गिलावा काढून चिऱ्यांमधला सांधा पाहणं. बऱ्याच जुन्या भिंती मातीच्या सांध्यात रचलेल्या असतात. अशा भिंतीवर ब्रेकर मशीन लावलं की हादऱ्याने सांधे मोकळे होतात आणि दाराच्या जागेपासून लांबवरचे चिरेही ढिले पडतात. तिथे कटरने किंवा छिन्नी-हातोडीनेच काम करायचं. वेळ लागतो, तो द्यावा.

मग टेकू. भिंतीच्या वरच्या भागातून आरपार आडव्या कड्या घालून त्यांना दोन्ही बाजूंनी टेकू द्यायचे, वाशांनाही वेगळा आधार द्यायचा, आणि तेव्हाच खालचे चिरे काढायला लागायचं. वर बसणारी तुळई दोन्ही बाजूंना भिंतीत निदान नऊ इंच बसली पाहिजे. मातीचा सांधा असेल तर फूटभर, आणि तिच्या टेकण्याच्या जागी काँक्रीटची उशी. काँक्रीटची तुळई जागेवर ओतली असेल तर खालचे टेकू १४ दिवस काढायचे नाहीत. लोखंडी गर्डर वापरला तर समुद्राच्या खाऱ्या हवेत तो गंजतो आणि गंज फुगून वरचा गिलावा फोडतो, म्हणून जस्ताचा मुलामा दिलेला घ्यावा.

घराच्या कोपऱ्यापासून निदान तीन फूट भिंत तशीच सोडा. माझं मत विचाराल तर बारा फुटांचं एक भगदाड करण्यापेक्षा चार-चार फुटांची तीन दारं, मध्ये अडीच-अडीच फुटांचे चिऱ्यांचे खांब, हे कितीतरी बरं. भिंत सुरक्षित राहते, साधी लाकडी झडपं चालतात, आणि तिन्ही दारं उघडली की वारा तेवढाच येतो. गोव्याच्या मोठ्या घरांतल्या दिवाणखान्यांना अशाच दारांच्या रांगा असतात.

हे काम स्ट्रक्चरल इंजिनिअरने घर पाहून, सहीचा नकाशा दिल्याशिवाय सुरू करू नका.

राजांगणावर पारदर्शक छप्पर घालावं का?

पावसाला कंटाळून खूप घरांनी घातलं आहे. पॉलिकार्बोनेटचे पत्रे चारी बाजूंनी घट्ट बसवले की पहिल्याच उन्हाळ्यात कळतं की घराचा श्वास अडकला.

राजांगणाचं काम समजून घेतलं तर हे टळतं. दुपारी तिथली तापलेली हवा वर निघून जाते आणि तिच्या जागी भोवतालच्या ओसऱ्यांची, खोल्यांची गार हवा ओढली जाते. त्या गार हवेच्या जागी बाहेरच्या दारा-खिडक्यांतून नवी हवा येते. पंखा न लावता वारा खेळतो तो असा. वरचं तोंड बंद केलं की गरम हवा तिथेच तरंगत राहते आणि आसपासच्या खोल्या तापतात.

तरीही झाकायचंच असेल तर छप्पर भोवतालच्या कौलांपेक्षा दीड-दोन फूट उंच उचला, चारी बाजूंची ती फट तिरप्या लाकडी पट्ट्यांनी वारा जाईल अशी ठेवा, आणि वरचं छप्पर बाहेर तीन फूट तरी काढा. डोक्यावर काच हवी असेल तर ती फुटली तरी तुकडे न सांडणारी, थर दिलेली काचच घ्यायची.

उघडं ठेवायचं असेल, आणि मी तरी तेच सांगेन, तर पाण्याच्या वाटेचा हिशेब नीट करावा लागतो. समजा राजांगण तीन मीटर बाय तीन मीटर आहे आणि भोवतालच्या छपरांचं ४१ चौरस मीटर पाणी त्यातच उतरतं. एकूण ५० चौरस मीटर झाले. एका तासात ६० मिलिमीटर पाऊस झाला, आणि आपल्याकडे असे तास येतात, तर त्या तासात ३,००० लिटर पाणी त्या चौकात पडतं. नीट उतार दिलेला एक चार इंची पाइप हे पाणी सहज नेतो. पण आंब्याची चार पानं त्याच्या जाळीवर चिकटली की तासाभरात पाणी ओसरीच्या कडेला लागतं. म्हणून दोन पाइप हवेत, दुसऱ्याचं तोंड पहिल्यापेक्षा चार इंच वर. पहिला तुंबला की दुसरा सांभाळतो. चौकाची जमीन ओसरीपेक्षा निदान फूटभर खोल हवी, आणि उतार दर मीटरला एक सेंटिमीटरपेक्षा कमी नको.

बलकांव ग्रिल आणि काच लावून बंद केला तर एक खोली मिळते. का करू नये?

जेमतेम एक पलंग मावेल एवढी खोली मिळते, आणि तिच्यामागचा दिवाणखाना अंधारतो. रात्रीची भीती असेल तर बलकांवाच्या आतलं दार भक्कम करा, बलकांव उघडाच राहू द्या.

दारं कसली घ्यावीत?

सागवान परवडत असेल तर प्रश्नच नाही. फणसाचं लाकूडही आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या वापरात आहे. पिवळं असतं, हळूहळू तांबूस होतं, आणि नीट वाळवलेलं असेल तर टिकतं. नीट वाळवलेलं हा शब्द महत्त्वाचा. मेमध्ये बसवलेलं ओलसर दार पुढच्या मार्चपर्यंत पिळवटतं. जुन्या घरांची मोडलेली दारं-चौकटी विकणाऱ्यांकडे फिरलात तर पन्नास वर्षं वाळलेलं लाकूड मिळू शकतं.

अॅल्युमिनियम घेणार असाल तर पावडर कोटिंगचं घ्या आणि खालच्या पट्टीला पाणी जायची भोकं आहेत हे स्वतः पाणी ओतून तपासा. आमच्यासारखं विश्वासावर सोडू नका. समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत घर असेल तर बिजागऱ्या, कड्या, स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे किंवा पितळेचे हवेत. ३०४ दर्जाच्या स्टीलवर खाऱ्या हवेत तांबूस डाग पडू लागतात.

काचेऐवजी शिंपले बसवलेल्या जुन्या खिडक्या असतील तर त्या काढून काच बसवू नका. त्यांतून येणारा उजेड दुधासारखा मऊ असतो आणि उन्हाचा चटका तेवढा आत येत नाही. एखादा शिंपला फुटला असेल तर घरातल्याच दुसऱ्या मोडक्या झडपेतला काढून बसवणारे सुतार अजून आहेत.

घरात म्हातारी माणसं आहेत. उंबरठा काढला तर पाणी आत येईल का?

येईल, जर नुसताच काढला तर. दाराबाहेर दाराच्या पूर्ण रुंदीला सहा इंच रुंद चर काढा, वर काढता येणारी जाळी बसवा आणि पडवीची जमीन बाहेरच्या बाजूला उतरती ठेवा. मग अर्ध्या इंचाचा, गोलवलेल्या कडेचा उंबरठा पुरतो आणि चाकाची खुर्ची त्यावरून जाते. मात्र हे फक्त खोल पडवीमागच्या दारालाच करायचं. उघड्यावरच्या दाराला जुना उंच उंबरठाच बरा.

मुख्य दाराचा उंबरठा आम्ही ठेवला. आई रोज त्यावर रांगोळीची दोन बोटं ओढते.

आतली आणि बाहेरची फरशी एकच घालावी का? मासिकांत तशी छान दिसते.

दिसते खरी. पण आत चालणारी गुळगुळीत फरशी जुलैमध्ये पडवीत जीवघेणी निसरडी होते. रंग एक ठेवा, पोत बदला. आत लाल ऑक्साइडची जमीन असेल तर पडवीत लाल मातीच्या भाजलेल्या फरश्या आणि पुढे आंगणात चिरे, असा तांबडा रंग सलग बाहेर जातो आणि पायालाही कळतं की आता आपण बाहेर आलो.

आंगणातल्या चिऱ्यांवर पावसाळ्यात शेवाळ धरतंच. येण्याजाण्याच्या वाटेवर तरी खडबडीत ग्रॅनाइटच्या पट्ट्या टाका. आणि सगळं आंगण फरसबंद करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. पाऊस उघडल्यावर आंगण चोपून शेणाने सारवायची जी जागा असते, तुळशीच्या लग्नाला जिथे चुन्याची रांगोळी पडते, ती मातीचीच असू द्या. तिथे पाणी मुरतं आणि विहिरीला मार्चपर्यंत आधार राहतो.

भिंतींना लोणा (ओल आणि क्षार) लागला आहे. सिमेंटचा गिलावा आणि वॉटरप्रूफ रंग लावला तर थांबेल का?

चिरा सच्छिद्र असतो. तो खालून ओल ओढतो आणि बाहेर सोडतो. त्यावर सिमेंटचा घट्ट गिलावा आणि प्लास्टिक रंग चढवला की ओल आत कोंडते, क्षार साचतात आणि दोन पावसाळ्यांत रंगाला फुगे येऊन पोपडे पडतात. आम्ही एका भिंतीचं सिमेंट काढून चुन्याचा गिलावा केला, दुसरी तशीच ठेवली. चुन्याची भिंत सप्टेंबरमध्ये ओलसर दिसते आणि नोव्हेंबरला कोरडी होते. सिमेंटच्या भिंतीपाशी कपाट ठेवायचं धाडस आजही होत नाही.

चुना निदान दोन-तीन आठवडे पाण्यात भिजवून ठेवावा लागतो. हे काम जाणणारे गवंडी कमी राहिले आहेत, त्यामुळे त्यांची तारीख आधी ठरवा आणि बाकीचं वेळापत्रक तिच्याभोवती बसवा. लोणा फारच असेल तर आधी भिंतीलगत बाहेरच्या बाजूला साचणारं पाणी थांबवा. बऱ्याचदा दोष तिथेच असतो.

डास, साप, माकडं. घर इतकं उघडं ठेवणं परवडतं का?

डासांसाठी प्रत्येक दाराला आतल्या बाजूने जाळीचं वेगळं हलकं झडप हवं. संध्याकाळी दिवेलागणीला ती लावायची, बाकी वेळ उघडी. राजांगणात कमळाची कुंडी ठेवणार असाल तर त्यात गप्पी मासे सोडा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो, हे ध्यानात ठेवा.

साप बहुतेक उंदरांमागे येतात. पडवीत लाकडांची रास, नारळाची सोडणं, जुनी कौलं रचून ठेवली की उंदीर आणि त्यांच्यामागे साप ठरलेलाच. सरपण घरापासून दूर, जमिनीपासून उचललेल्या मांडणीवर ठेवा. घोणस पालापाचोळ्यात पडून राहते, म्हणून आंगणाच्या कडेचा पाला झाडत राहणं आणि रात्री वाटेवर दिवा असणं, दोन्ही करावं.

माकडांवर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. फळझाडाची फांदी छपरापासून आठ-दहा फूट दूर छाटली तर कौलांवरची धावपळ कमी होते, एवढा अनुभव आहे.

स्वयंपाकघर परसवाला कसं जोडावं?

घरातला सगळ्यांत उपयोगी बदल बहुधा हाच. मागच्या दाराबाहेर सहा फुटांची पडवी, एक चिऱ्याचा ओटा, त्यात दगडी भांडं आणि नळ. मासे साफ करणं, नारळ सोलणं, आमसोलं वाळत घालणं, कुळीथ पाखडणं ही सगळी कामं बाहेर जातात आणि आतलं स्वयंपाकघर कोरडं राहतं. आमच्याकडे घरातली सगळ्यांत जास्त माणसं आता त्या ओट्यापाशी असतात. ओट्याची उंची काम करणाऱ्या बाईच्या कोपराखाली चार-पाच बोटं ठेवा. गवंड्याच्या नेहमीच्या मापाने नको.

सांडपाणी विहिरीकडे उतरणार नाही याची खात्री करा. माशांचं पाणी माडाच्या आळ्यात, साबणाचं वेगळं. छपराचं पाणी मात्र विहिरीला द्यायचा विचार जरूर करा. १०० चौरस मीटर छपरावर ३,००० मिलिमीटर पाऊस म्हणजे तीन लाख लिटर. वाया जाणारं सोडलं तरी दोन-सव्वादोन लाख लिटर गाळून विहिरीपाशी मुरवता येतं.

परवानगी लागते का?

रंग, कौलं बदलणं, मोडलेला वासा बदलणं अशा किरकोळ दुरुस्तीपलीकडे गेलात, म्हणजे भारवाहक भिंतीत मोठं दार काढलं किंवा नवी पडवी बांधली, की लागते असंच धरून चला. गावात पंचायतीकडे, शहरात नगरपालिकेकडे, पणजीत महापालिकेकडे अर्ज जातो, आणि बांधकामाला नगर व ग्राम नियोजन खात्याचे २०१० सालचे बांधकाम नियम लागू होतात. सीमेपासून किती अंतर सोडायचं ते त्यांतच आहे. पडवी कुंपणापर्यंत नेण्याआधी ते वाचा. पणजीच्या फोंताइन्हाससारख्या वारसा भागात दर्शनी बाजू बदलायची तर वेगळी मंजुरी लागते.

घर समुद्राजवळ किंवा भरती-ओहोटीच्या नदीकाठी, म्हणजे मांडवी, जुवारी, शापोरा, साळ अशांच्या जवळ असेल तर किनारी नियमन क्षेत्राचे नियम येतात. तिथे अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती करता येते, पण ना-विकास पट्ट्यात ती मूळ जोत्याच्या क्षेत्रफळातच करावी लागते. नवी पडवी म्हणजे वाढीव जोतं. तिथल्या लोकांनी पडवी पुढे न काढता पहिली खोलीच पडवी करावी: बाहेरची भिंत उतरवून तिच्या जागी खांब, आणि घराचं खरं दार एक खोली आत. छप्पर तेच राहतं. याचाही नकाशा किनारपट्टी व्यवस्थापन प्राधिकरणाकडे आधी न्यायचा.

आणि सगळ्यांत अवघड परवानगी घरातलीच. गोव्यात वडिलोपार्जित घराचे वारस पोर्तुगालपासून पुण्यापर्यंत पसरलेले असतात, आणि आपल्या नागरी कायद्यानुसार बहुतेक लग्नांत पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते, म्हणजे प्रत्येक भावंडामागे जोडीदाराचीही संमती आली. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कायदेशीर वाटणी, झालेली नसेल तर भिंतीला हात लावण्याआधी सगळ्यांचं लेखी म्हणणं घ्या. एक-चौदाच्या उताऱ्यावर (जमिनीच्या हक्कनोंदीवर) मुंडकाराचं, म्हणजे मालकाच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या कुळाचं, नाव असेल तर त्याचं घर, वाट आणि विहिरीचा हक्क नकाशात आधी आखून घ्या आणि त्याच्याशी बोलूनच पुढे जा.

आंगणातलं झाड आड येतंय. काढू का?

आधी पडवी वळवून पाहा. झाड तोडायला १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वन खात्याची परवानगी लागते, आणि माडालाही ती लागते. पश्चिमेकडचं एक मोठं आंब्याचं झाड दुपारी जी सावली देतं तिची बरोबरी कुठलंही छप्पर करत नाही. माडाखाली मात्र बसायची जागा करू नका, आणि दर दोन-तीन महिन्यांनी पाडेली बोलावून नारळ उतरवून घ्या.

तुळशी वृंदावन हलवावं लागलं तर?

आमच्याकडे हलवलं नाही, वाट त्याला वळसा घालून नेली. हलवायचंच झालं तर घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि भटजींना विचारून, कार्तिकातलं तुळशीचं लग्न झाल्यावर करतात. नव्या जागी दिवसातून चार-पाच तास ऊन हवं.

बाहेरच्या विजेचं काय?

पडवीतली बटणं-सॉकेट वळचणीपासून जितकी आत तितकी चांगली. दिवे आयपी ६५ दर्जाचे, आणि बाहेरच्या सगळ्या जोडण्यांवर ३० मिलिअँपिअरचा, वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच वेगळा बसवा. मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटाआधी अर्थिंग तपासून घ्या.

काम कधी सुरू करावं?

नकाशा आणि अर्ज पावसाळ्यात. चतुर्थीच्या मागेपुढे कोणी कामाला येत नाही, तो काळ धरूच नका. भिंती नोव्हेंबरला, छप्पर जानेवारी ते मार्च, फरशी आणि रंग एप्रिलमध्ये. १५ मेनंतर एकही कौल खाली असता कामा नये. ठेकेदार जूनपर्यंत पाऊस नाही म्हणून सांगतील, पण मेमधली वळवाची एक सर माजघराची मातीची भिंत खचवायला पुरते. ताडपत्री, आणि मिळाले तर माडाच्या चुडतांचे विणलेले झाप, एप्रिलपासूनच घरात आणून ठेवा.

पैसे कसे द्यावेत?

एकरकमी आकड्यावर काम देऊ नका. भिंत उतरवणं, टेकू, तुळई, छप्पर, दारं, फरशी, प्रत्येकाचा दर वेगळा लिहून घ्या. टेकूंचा खर्च बहुतेक दरपत्रकांत नसतोच, तो मुद्दाम मागा. निघालेले चिरे, कौलं, लाकूड कोणाचं, हेही लिहा. जुना चिरा वर्षानुवर्षं हवा लागून कठीण झालेला असतो आणि पुन्हा बांधकामाला उत्तम चालतो.

शेवटचे दहा टक्के पहिला पावसाळा पार पडल्यावर द्यायचे, हे करारातच घाला. चांगला ठेकेदार याला हरकत घेत नाही.

आम्ही पणजीत फ्लॅटमध्ये राहतो. आम्हाला यातलं काय करता येईल?

बाल्कनीला लावलेली काच काढा. पावसासाठी वेताची किंवा जाड कापडाची गुंडाळता येणारी पडदी लावा, खाली दीड फूट उंचीचा बसता येईल असा ओटा करा आणि कुंडीत तुळस. ओट्याचं वजन इमारतीला चालेल का ते विचारूनच बांधा, नाहीतर लाकडी बाक पुरे.

देखभाल किती लागते?

बंद घरापेक्षा जास्त. दर वर्षी एप्रिल-मेमध्ये शाकारणी: फुटकी कौलं बदलणं, सरकलेली बसवणं, पन्हळी साफ करणं. बदलायला शंभरेक कौलं राखून ठेवा, कारण वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत. पावसाळ्यात पडवीतल्या गाद्या-उशा उचलून आत ठेवाव्या लागतात, नाहीतर आठवड्यात बुरशी येते. आम्ही चार महिने नुसती लाकडी बाकडी ठेवतो. पडवीच्या खांबांचा जमिनीलगतचा वीतभर भाग दर ऑक्टोबरला बोटाने दाबून पाहा. बोट रुतलं तर आत वाळवी आहे. म्हणून लाकडी खांब जमिनीत पुरू नये, खाली फूटभर उंच दगडी बैठक द्यावी. आमच्या पडवीच्या सहा खांबांपैकी पाच अशा बैठकीवर आहेत. सहावा घाईत तसाच रोवला होता, तो यंदा बदलायचा आहे.